'इंटरप्शन' म्हणजे नेमकं काय? शब्द आला कुठून? (आमच्या सोलापुरात लाइट गेली की 'पॉवर इंटरप्शन' असा मेसेज येतो.)

इंटरप्शन म्हणजे चालू गोष्ट मधेच तुटणे, खंड पडणे. मूळ लॅटिन 'इंटररुम्पेरे': 'इंटर' म्हणजे मध्ये, 'रुम्पेरे' म्हणजे तोडणे. चादरीच्या मागावर चालता चालता धागा तुटतो ना, नेमकं तेच चित्र. यातला 'इंटर' आणि संस्कृत 'अंतर्' तर एकाच भाषाकुळातले सख्खे भाऊ! करप्ट, डिसरप्ट, इरप्शन यांतला 'रप्ट'ही याच 'रुम्पेरे'चा. बँकरप्टची वाट जरा वेगळी: तो इटालियन 'बांका रोत्ता'वरून, म्हणजे मोडलेलं बाकडं, 'रप्ट' हे रूप त्याला पुढे लॅटिनच्या वळणाने मिळालं. मात्र मराठीत इंटरप्शनसाठी 'खंड' हा शब्द सगळीकडे चालत नाही. कुणी बोलण्यात तोंड घातलं तर तो 'व्यत्यय'.