थंडरबर्डमध्ये मेल येतात पण जात नाहीत, अकाउंट काढून परत टाकू का?

नका काढू. निदान आज तरी नका काढू.

तुम्ही लिहिलंय की ऑफिसला नवीन फायबरचं नेट घेतलं आणि त्या दिवसापासून मेल येतात बरोबर, पण पाठवायला गेलं की पट्टी अर्ध्यात अडकते, मिनिटभराने 'टाइम्ड आउट' (म्हणजे सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही) अशी पेटी येते, आणि कोणीतरी सल्ला दिलाय की अकाउंट डिलीट मारून परत टाका. हा सल्ला मी पण द्यायचो. अमळनेरला दुकान टाकलं त्या पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाचं अकाउंट असंच उडवलं, ते होतं पॉपचं, म्हणजे मेल सर्व्हरवरून उतरले की तिथले पुसले जायचे, आणि काढताना थंडरबर्डने विचारलं की मेलचा डेटा पण काढू का, तर मी घाईघाईत तिथे पण टिक केली. चार वर्षांचे मेल गेले. त्या माणसाने मला शिव्या दिल्या नाहीत, नुसता खुर्चीवर बसून राहिला, ते जास्त लागलं. म्हणून काहीही करायच्या आधी हेल्पमध्ये जाऊन ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन उघडा, तिथे प्रोफाइल फोल्डर दिसेल (तुमचे उतरलेले मेल आणि सेटिंग्ज त्यातच असतात), तो उघडून ठेवा, थंडरबर्ड बंद करा आणि तो फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या. मग पुढचं.

आता मुद्दा. मेल येणं आणि मेल जाणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांचा सर्व्हर वेगळा, पोर्ट (म्हणजे सर्व्हरच्या दाराचा नंबर) वेगळा, आणि थंडरबर्डमध्ये सेव्ह झालेला पासवर्ड सुद्धा दोघांचा वेगवेगळा असतो. येणारं काम आयमॅप किंवा पॉप बघतं, जाणारं एसएमटीपी. तुमचे मेल येतायत म्हणजे ती बाजू ठणठणीत आहे, तिला हातच लावू नका, लोक नेमकं तिथेच खाजवत बसतात आणि चालतं ते पण बंद पाडतात.

तुमच्यासारखीच केस मागच्या कापसाच्या सीझनला झाली. तालुक्यातल्या एका जिनिंगमधून मुनीमजींचा फोन, 'भाऊ, मेल जाई नही राह्यना', आणि गेटवर गाठींनी भरलेला ट्रक उभा, बिल आणि वजनाचा कागद मेलवर गेल्याशिवाय समोरची पार्टी गाडी सोडा म्हणेना. मी गेलो तेव्हा ड्रायव्हरचा तिसरा चहा चालू होता. मुनीमजींना म्हटलं पाठवा बरं माझ्यासमोर. त्यांनी सेंड दाबलं, एरर आली आणि मी वाचायच्या आत त्यांनी ओके दाबून ती घालवली पण, इतकी सवय झालेली! तीनदा पाठवायला लावलं तेव्हा कुठे मला आकडा दिसला, ५५०, आणि पुढे 'रिलेइंग डिनाइड', म्हणजे सर्व्हर म्हणतोय तुमचा मेल मी पुढे पोचवणार नाही. तिथेच सगळं कळलं. मग आउटगोइंग सर्व्हर उघडून बघितला तर त्यात जुन्या नेट कंपनीचा सर्व्हर टाकलेला, पोर्ट २५, आणि ऑथेंटिकेशनच्या जागी 'नो ऑथेंटिकेशन'.

आधी अशी पद्धतच होती. ज्या कंपनीचं नेट, तिचाच एसएमटीपी सर्व्हर वापरायचा, आणि तुम्ही तिच्याच वायरवरून येताय म्हणून ती पासवर्ड पण विचारत नसे. वायर बदलली की तुम्ही तिला परके, मग ती नाही म्हणते, किंवा उत्तरच देत नाही आणि आपल्याला टाइम्ड आउट दिसतं. आणि पोर्ट २५ चं दुखणं वेगळंच. १९८२ मध्ये एसएमटीपी ठरलं तेव्हा पासवर्ड बिसवर्ड काही नव्हतंच, पुढे व्हायरस लागलेले घरोघरचे कॉम्प्युटर याच पोर्टवरून रात्रंदिवस स्पॅम सोडायला लागले, म्हणून बऱ्याच नेट कंपन्या साध्या कनेक्शनवर २५ बाहेर जाऊच देत नाहीत. कस्टमर केअरला फोन करून भांडण्यात अर्थ नाही, त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. आपल्यासाठी ५८७ नंबर १९९८ पासून ठेवलेला आहे, तो वापरायचा.

तर तुम्ही असं करा. अकाउंट सेटिंग्ज उघडा, डावीकडे सगळ्यात खाली 'आउटगोइंग सर्व्हर' दिसेल, ते खाली असल्यामुळेच कोणाला सापडत नाही. त्यात एडिट दाबा. सर्व्हरच्या नावात नेट कंपनीचं नाव दिसलं तर ते काढून ज्यांच्याकडे तुमचा मेल आहे त्यांचा एसएमटीपी सर्व्हर टाका. पोर्ट ५८७, कनेक्शन सिक्युरिटी स्टार्टटीएलएस, ऑथेंटिकेशन नॉर्मल पासवर्ड, युजरनेममध्ये पूर्ण मेल आयडी, नुसतं अ‍ॅटच्या आधीचं नाव नाही. ५८७ ने नाही झालं तर ४६५ टाका पण मग सिक्युरिटी एसएसएल/टीएलएस करा, पोर्ट बदलून सिक्युरिटी तीच ठेवली तर तो नुसता लटकून राहतो आणि आपल्याला वाटतं पोर्ट पण बंद आहे.

तरीही टाइम्ड आउट आलं तर मोबाईलचा हॉटस्पॉट लावून त्याच सेटिंगवर एक मेल स्वतःलाच पाठवा. गेला तर अडचण फायबरच्या बाजूला आहे किंवा राउटरमध्ये. नाही गेला तर तुमच्या कॉम्प्युटरचा अँटीव्हायरस बघा, त्यात मेल स्कॅनिंग असतं, ते दोन मिनिटं बंद करून ट्राय करा. फक्त पोर्ट २५ वर असताना हॉटस्पॉटची ही टेस्ट करू नका, मोबाईल कंपनी पण २५ अडवत असेल तर उगाच गोंधळ.

तुमचा आयडी जीमेलचा असेल तर (लिहिलं नाही तुम्ही, बहुतेक हॉस्टिंगवाल्याचा दिसतो) तिथला किस्सा वेगळा आहे. गूगलने ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांना बाहेरच्या प्रोग्राममध्ये नेहमीचा पासवर्ड चालणं बंद केलं. थंडरबर्डमध्ये ऑथेंटिकेशनला ओऑथ२ निवडलं की गूगलची लॉगिन विंडो येते, तीच सरळ वाट. आउटलुकच्या जुन्या व्हर्जनमध्ये ती सोय नाही, तिथे आधी टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड काढावा लागतो.

एरर ५३५ आली तर पासवर्डच. याच्यात एक मजा आहे, लोक वेबसाइटवर पासवर्ड बदलतात, थंडरबर्ड येणाऱ्या मेलसाठी नवीन विचारून घेतो, आणि जाणाऱ्या बाजूला जुनाच पडून राहतो. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत सेव्ह्ड पासवर्ड्स उघडा, एसएमटीपीने सुरू होणारी ओळ तेवढी काढा, पुढच्या वेळी तो स्वतः विचारेल.

आणि नुसता एकच मेल अडकत असेल, बाकी जात असतील, तर फाइल मोठी आहे. जीमेलची मर्यादा २५ एमबी, पण मेलमध्ये फाइल टाकताना तिचं अक्षरांत रूपांतर होतं आणि ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणून २२ एमबीची स्कॅन केलेली पीडीएफ परत येते आणि माणूस म्हणतो '२५ च्या आत तर आहे ना राव'. १८ पर्यंत धरून चाला.

जिनिंगचं सांगायचं राहिलं. तीन जागी बदल केला, सर्व्हर, पोर्ट, ऑथेंटिकेशन, आणि पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता, तो शोधायला अर्धा तास गेला, शेवटी मुनीमजींच्या पंचांगाच्या मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलेला सापडला. ट्रक सातला निघाला.

तुमचा मेल कोणाकडे आहे ते आणि पेटीतला आकडा तेवढा इथे टाका, ओके दाबायच्या आधी फोटो काढून ठेवा. रात्री दुकान बंद केल्यावर बघतो.