एफडी मोडू नका, पण लॅब्राडॉरला तीन दिवस दवाखान्यातच ठेवा

ताई, तुमच्या सात वर्षांच्या लॅब्राडॉरने आंब्याची कोय गिळली, ती आतड्यात अडकली आणि काल ऑपरेशन करून काढली. 45,000 रुपये भरून झाले. डॉक्टर आणखी तीन दिवस ठेवायला सांगताहेत, दिवसाला 6,000. यजमान म्हणतात घरी आणू. हाताशी दोन लाखांची एफडी आहे आणि क्रेडिट कार्ड.

ठेवाच, असं मी म्हणेन. आतड्याची शिवण सुटायचा धोका साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जास्त असतो. सुटली तर आतली घाण पोटात पसरते, खंगलेल्या जनावरावर पुन्हा ऑपरेशन करावं लागतं, आणि त्यातून बरीच कुत्री वाचत नाहीत. 18,000 वाचवायला जाऊन 45,000 चं बिल पुन्हा अंगावर येऊ शकतं.

पण पैसे भरण्याआधी विचारा: रात्री तिथे डॉक्टर असतात का? नसतील तर रात्रीपुरतं तुम्ही नुसतं पिंजऱ्याचं भाडं भराल. मग दिवसा तिथे, रात्री घरी, आणि तातडीला चोवीस तास चालणारा दवाखाना ठरवलेला, असं जमेल का ते डॉक्टरांशीच बोला. 6,000 मध्ये सलाइन, वेदनाशामक आणि रक्ततपासणी धरली आहे का, हेही विचारा. रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर जखम भरायला वेळ लागतो, पोटॅशियम घसरलं तर आतडं सुस्तावतं. या तपासण्यांत काटकसर नको. उलट्या नसतील तर पहिल्या चोवीस तासांतच थोडंथोडं मऊ अन्न सुरू करतात. उपाशी ठेवल्याने आतडं लवकर बरं होत नाही.

आता पैसे. दोन लाखांची एफडी अठरा हजारांसाठी मोडू नका. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून बँकेकडून लागतील तेवढेच पैसे उचला. व्याज एफडीच्या दरापेक्षा एखाद-दोन टक्के जास्त असतं. 9 टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज 810 रुपये होईल, आणि एफडी चालूच राहील. कार्डाची बाकी ओढत राहिलात तर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी 630 रुपये जातील, दर महिन्याला. आता विमा काढून हे बिल वसूल होणार नाही, आणि आयकरातल्या आरोग्यखर्चाच्या वजावटीत कुत्र्याचा खर्च बसत नाही.

तीन दिवस संपले तरी पाचवा दिवस घरीच उजाडणार आहे. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर काढू नका, फिरवणं पट्ट्यावर आणि थोडंच. माणसांची वेदनाशामक गोळी आयब्युप्रोफेन चुकूनही देऊ नका. उलटी, ताप, अन्न नाकारणं, पोटाला हात लावू न देणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता निघा. त्यासाठी ओव्हरड्राफ्टची मर्यादा आजच एक लाखाची करून घ्या. व्याज वापराल तेवढ्यावरच लागतं.