लिटरभर दूध पिणारा गुटगुटीत मुलगा

"मॅडम, वर्षाचा होऊन दोन महिने झाले, पण घरात अजून ठरत नाही ओ. दूध नक्की कुठलं द्यायचं?"

असं म्हणत तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. वर लिहिलेलं : गाय, म्हैस, पिशवी, डबा. प्रत्येकापुढं घरातल्या कुणाचं मत काय, तेही. सासरे म्हशीच्या बाजूचे, नवरा ए-टू म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या देशी गाईच्या दुधाच्या, शेजारची वहिनी डब्याच्या. स्वतःचं मत कुठंच नव्हतं.

सोलापुरात बाल-आहार समुपदेशन करताना सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. त्यामुळं उत्तर तोंडपाठ आहे, आणि तोंडपाठ उत्तराचाच धोका असतो. ते देऊन मी तिला दहा मिनिटांत मोकळं केलं असतं. पण बाळ मांडीवर फारच शांत बसलं होतं. गाल गुबगुबीत, वजन छान, पण ओठ आणि तळहात पांढुरके. चौदा महिन्यांचं पोर माझ्या टेबलावरच्या पेनाकडंही हात नेईना. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

"आत्ता काय पितो?" मी विचारलं.

म्हशीचं. सासरे मोहोळकडच्या गावात असतात, दारात पंढरपुरी म्हैस. दहाव्या महिन्यापासून रोज सकाळी दुधाची किटली शहरात येते. पाणी घालायचं नाही, नातवाला नासकं-पातळ पाजायचं नाही, अशी सक्त ताकीद. दिवसाला किती? "पाच बाटल्या. जेवत नाही ना, मग निदान दूध तरी जाऊ दे पोटात."

बाटली सोबत होतीच. मी बघितली तर बुचाचं भोक चांगलं मोठं केलेलं. तापवलेल्या सुईनं. दुधात बिस्किट कालवून दिलं की अडकतं म्हणून. दोनशे मिलीची बाटली, पाच वेळा, म्हणजे लिटरभर दूध. म्हशीच्या लिटरभर दुधात साधारण हजार कॅलरीज होतात. म्हणजे या वयाच्या मुलाची दिवसभराची भूक बाटलीतच भागली. मग वरणभात कशाला तोंडात घेईल तो? ती म्हणत होती, जेवत नाही म्हणून दूध देते. खरं तर दूध मिळतंय म्हणून जेवत नव्हता.

एवढ्यात सोबत आलेल्या आज्जी म्हणाल्या, "एक विचारू का? हे भिंत चाटतंय. पोपडा निघालाय तिथं जाऊन बसतंय." कागदावर हे नव्हतं. घरात त्यावर हसणंच व्हायचं. मला मात्र पांढुरके ओठ आणि हे चाटणं मिळून रक्त कमी असल्याची शंका आली.

मी त्यांना त्याच दिवशी त्यांच्या बालरोगतज्ज्ञांकडं पाठवलं. रक्त तपासणं माझं काम नाही. हिमोग्लोबिन आलं ८.४. अकराच्या आसपास तरी हवं होतं. डॉक्टरांनी लोहाचे थेंब सुरू केले आणि पुन्हा माझ्याकडं धाडलं.

दुधात लोह नसल्यातच जमा असतं. लिटरभरात जेमतेम एखादं मिलिग्रॅम भरतं आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज आठ मिलिग्रॅम. वर दुधातलं कॅल्शियम आणि केसीन इतर अन्नातलं लोहही नीट शोषू देत नाहीत. म्हणून थेंब दुधाबरोबर देऊ नका, असं बजावावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात अशी गुटगुटीतही असतात, हे मात्र घरच्यांना पटत नाही. रक्त कमी असलेलं मूल हडकुळंच असतं, असा आपला समज.

आता तिच्या कागदाकडं. गाय की म्हैस? कुठलंही, उकळून, पाणी न घालता. म्हशीच्या दुधात स्निग्धांश दुपटीच्या आसपास, त्यामुळं थोडं कमी पुरतं, एवढाच व्यवहारातला फरक. ए-टूसाठी नवऱ्यानं जादा पैसे मोजावेत असं मला काही वाटत नाही. पिशवीचं घ्यायचं तर फुल क्रीम किंवा साधं गाईचं. डबल टोन्डमध्ये स्निग्धांश दीड टक्काच असतो, दोन वर्षांच्या आतल्या मुलाला ते नको. डब्यावर मी काट मारली. एक ते दोन वर्षांच्या मुलांना असल्या पावडरी देण्याची शिफारस नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय. साधं जनावराचं दूध पुरतं.

आणि पाचवं दूध कागदावर नव्हतंच. "अंगावर पितो का?" ती लाजली. "रात्री पितो. पण वर्षानंतर त्यात काय उरतंय, पाणीच की." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडही येत नाही. दोन वर्षं आणि त्यापुढंही आईचं दूध उपयोगाचं असतं, आणि तेच बऱ्यापैकी जात असेल तर वरचं दूध कप-वाटीभरच लागतं.

कागदाच्या मागं मी एवढंच लिहिलं : दोन कप, दोन्ही मिळून चारशे मिलीपर्यंत, जेवणानंतर, पेल्यातून. बाटली बंद. दह्याची वाटी दिली तर तेवढं दूध कमी.

बंद करणं सोपं नव्हतं. पहिल्या चार रात्री पोरगं रडलं, पाचव्या दिवशी सासऱ्यांचा फोन : "माझ्या म्हशीचं दूध आता विष झालं का?" सूनबाईनं फोन सरळ मला जोडून दिला. मी त्यांना म्हशीबद्दल वाईट काहीच बोलले नाही. उरलेल्या दुधाचं विरजण लावा, तूप काढा आणि नातवाला वरणभाकरीवर तूप घालून खाऊ घाला, म्हटलं. ज्वारीची मऊ भाकरी वरणात कुस्करून, अंडं, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याचं बारीक कूट, आठवड्यातून एकदा कलेजी, वर लिंबू पिळून. अख्खे शेंगदाणे नकोत, घशात अडकतात. ते थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "चहा-बिस्किट चालंल का?" नाही चालणार. चहाही लोह अडवतो.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.९ झालं. पुढच्या वरच्या दातांवर बाटलीनं पडलेल्या तपकिरी रेघा तशाच राहिल्या, त्यासाठी दंतवैद्याकडं जाणं चालू आहे. त्या वेळी सासरेही आले होते, किटलीऐवजी तुपाची बरणी घेऊन. मी भिंतीचं विचारलं.

"गिलावा करून घेतला," ते म्हणाले. "पण त्याच्या आधीच तिकडं बघायचं सोडलं होतं त्यानं. आता माझ्या ताटात हात घालतंय."