पुण्यात राहणाऱ्या जर्मन माणसासाठी जर्मन भाषेतले ऑनलाइन समुपदेशन : निवड करण्यापूर्वी

नमस्कार. आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपले पती जर्मन आहेत, कंपनीने दीड वर्षापूर्वी त्यांना चाकणच्या कारखान्यात पाठवले, आणि पावसाळ्यापासून त्यांचे बोलणे कमी झाले आहे, झोप उडाली आहे, सुट्टीच्या दिवशी ते खोलीबाहेर येत नाहीत. येथील एका समुपदेशकांकडे ते एकदा गेले, तासभर इंग्रजीत बोलले आणि पुन्हा जायला तयार नाहीत. जर्मन भाषेत ऑनलाइन समुपदेशन करणाऱ्यांपैकी विश्वास कोणावर ठेवावा आणि जर्मनीतला आरोग्यविमा त्याचा खर्च देईल का, असे आपण विचारले आहे. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. गेली सोळा वर्षे पुण्यात येणाऱ्या जर्मन कुटुंबांसाठी दुभाषी म्हणून काम करते आणि त्याआधी काही वर्षे श्टुटगार्टमध्ये राहिले आहे. या काळात अशा अनेक घरांशी जवळून संबंध आला, त्यावरून लिहीत आहे.

पहिली गोष्ट, जर्मनमध्येच बोलायचे ही त्यांची अट कृपया हट्ट समजू नये. त्यांचे इंग्रजी उत्तम असेल, पण ते बैठकांचे इंग्रजी आहे. मी श्टुटगार्टमध्ये असताना माझे वडील गेले. तिथल्या सहकाऱ्यांनी मनापासून विचारपूस केली आणि मी प्रत्येकाला व्याकरणशुद्ध जर्मनमध्ये उत्तरे दिली. रडू फुटले ते तिसऱ्या दिवशी, आत्याचा फोन आला आणि तिने 'जेवलीस का गं?' असे विचारले तेव्हा. परक्या भाषेत माणूस स्वतःविषयीची माहिती देऊ शकतो, पण मन मोकळे होईलच असे नाही. पुण्यातल्या जर्मन लोकांच्या तोंडून मी एक वाक्य पुष्कळदा ऐकले आहे : 'इश फुंक्टसिओनिएरे नुर नोख'. शब्दशः अर्थ असा, की मी आता फक्त चालू आहे, यंत्र चालते तसा. जर्मन कानाला त्यात धोक्याची सूचना ऐकू येते. हेच वाक्य इंग्रजीत सांगितले, की ऐकणाऱ्याला वाटते, चला, माणूस काम तरी करतो आहे.

दुसरे कारण थोडे नाजूक आहे. पुण्यात येणाऱ्या जर्मन माणसाला उष्मा किंवा तिखट फारसे खचवत नाही. त्याला खचवते ते परावलंबन. जो माणूस आयुष्यभर सायकलने किंवा ट्रेनने एकटा फिरला, तो इथे कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय कुठे जात नाही. घरात सकाळपासून कामाच्या बाई, स्वयंपाकाच्या मावशी, इस्त्रीवाले, कुरिअरवाले यांची ये-जा असते, त्यामुळे घर कधी रिकामे नसते. रविवारी एकट्याने दोन तास झाडांतून चालत राहायचे, ही तिथली साधी सवय इथे सुटते. हे सारे तो आपल्यापाशी बोलत नसेल, कारण इथल्या आयुष्याबद्दलची तक्रार म्हणजे आपल्या माणसांबद्दलची तक्रार असे वाटण्याची त्याला भीती असते. भारतीय व्यक्तीशी लग्न केलेल्या तिघांकडून मी हे वेगवेगळ्या शब्दांत ऐकले आहे. म्हणून त्यांनी घराबाहेरच्या, पण स्वतःच्या भाषेतल्या माणसाशी बोलण्यात आपला कमीपणा नाही.

आता मुख्य मुद्दा. 'जर्मन भाषेत ऑनलाइन मदत' या एकाच पाटीखाली तीन अगदी वेगळ्या प्रकारची माणसे बसलेली असतात, आणि त्यांतला फरक जर्मन लोकांनाही पुष्कळदा माहीत नसतो. 'प्सिकोथेराप्यूट', म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, ही पदवी जर्मनीत 1999 पासून कायद्याने संरक्षित आहे. विद्यापीठीय शिक्षण, प्रशिक्षण आणि राज्याचा परवाना, म्हणजे 'अप्रोबात्सिओन', असल्याशिवाय कोणालाही ती नावापुढे लावता येत नाही. (2020 साली हा कायदा आणि शिक्षणक्रम बदलला, पण परवान्याची अट कायम आहे.) दुसरा प्रकार मानसोपचारापुरती परवानगी असलेल्या 'हाइलप्राक्टिकर'चा, म्हणजे डॉक्टर नसताना उपचार करणाऱ्याचा. ही परवानगी 1939 च्या एका जुन्या कायद्यावर उभी आहे. त्यासाठी आरोग्य कार्यालयाची परीक्षा द्यावी लागते, मात्र मानसशास्त्राची पदवी लागत नाही. तिसरा प्रकार 'कोच' किंवा 'बेराटर', म्हणजे सल्लागार, यांचा. हे शब्द कोणीही वापरू शकतो. त्यांच्यात अनुभवी आणि सुशिक्षित माणसे जरूर असतात, पण तसा शोध ज्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

हा शोध घेण्याची सोपी जागा म्हणजे संकेतस्थळाच्या तळाशी असलेले 'इम्प्रेसुम' हे पान. परवानाधारकाला तिथे आपली कायदेशीर पदवी, ती कोणत्या देशात मिळाली आणि आपण कोणत्या राज्याच्या व्यावसायिक मंडळाचे सदस्य आहोत, हे लिहावेच लागते. मुखपृष्ठावर हसरे फोटो आणि अभिप्राय भरपूर आहेत, पण या पानावर मंडळाचे नाव नाही, असे दिसले तर समोरचा माणूस परवानाधारक आहे असे गृहीत धरू नये. ऑस्ट्रियातले जर्मनभाषक तज्ज्ञही अनेकांना मानवतात. तिथे मानसोपचाराचा स्वतंत्र कायदा 1990 साली झाला आणि नोंदणीकृत व्यक्तींची अधिकृत यादी कोणालाही पाहता येते.

मात्र परवाना असलेले जर्मन तज्ज्ञही परदेशात बसलेल्या माणसाला 'उपचार' देण्याबाबत सावध असतात, आणि त्याचे कारण समजून घेतलेले बरे. परवाना त्या देशाचा असतो. रुग्ण जिथे बसला आहे तिथला कायदाही लागू होऊ शकतो, आणि तज्ज्ञाचा स्वतःचा व्यावसायिक दायित्वाचा विमा देशाबाहेरच्या कामाला लागू असेलच असे नाही. म्हणून अनेक जण परदेशस्थ लोकांबरोबरच्या कामाला 'थेरपी' न म्हणता 'बेराटुंग', म्हणजे समुपदेशन, म्हणतात. परक्या देशात न रुजणे, घरची ओढ, नात्यातला ताण, परत जावे की राहावे ही घालमेल, यांसाठी असे समुपदेशन पुरते आणि चांगले उपयोगी पडते. आपण सांगितलेली लक्षणे मात्र याच्या थोडी पुढची आहेत. कित्येक आठवडे झोप नाही, कशात रस नाही, माणूस खोलीत बसून आहे, अशा वेळी आधी नैराश्याचे निदान आहे की नाही हे पुण्यातल्याच मनोविकारतज्ज्ञाने प्रत्यक्ष तपासावे, थायरॉईडसारख्या साध्या तपासण्या करून घ्याव्यात आणि औषध लागले तर ते इथूनच सुरू व्हावे. औषधांविषयी इंग्रजीत बोलायला त्यांना अडचण वाटणार नाही. बोलण्याचे काम जर्मनमध्ये आणि औषधाचे काम पुण्यात, अशी विभागणी मी दोन घरांत पाहिली आहे आणि ती नीट चालली. जर्मनीतल्या व्यक्तीला इथल्या डॉक्टरांचे नाव आणि त्यांच्याशी बोलण्याची लेखी परवानगी देऊन ठेवावी.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, तेही लिहिते. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका जर्मन बाई, पतीबरोबर इथे आलेल्या, नोकरीचा परवाना नसल्याने घरीच असलेल्या, एका ऑनलाइन मार्गदर्शिकेशी दर आठवड्याला बोलत होत्या. एका रात्री त्यांनी जगणे नकोसे झाल्याचा संदेश तिला पाठवला. तिने तो दुसऱ्या दिवशी वाचला, आणि वाचल्यावरही तिला त्यांचा पुण्यातला पत्ता, पतीचा क्रमांक, भारतातला आणीबाणीचा क्रमांक, यांपैकी काहीच माहीत नव्हते. शेजारच्या काकूंनी दार वाजवले म्हणून त्या वाचल्या. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, की पहिल्याच भेटीत विचारा : रात्री बिघडले तर तुम्ही काय कराल? पत्ता, जवळच्या माणसाचा क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव समोरच्याने स्वतःहून मागितले, तर ती व्यक्ती काम जाणते. आपल्याजवळही आणीबाणीचा 112 आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हे क्रमांक असू द्यावेत. टेलिमानस ऑक्टोबर 2022 पासून चोवीस तास चालते, पण तिथे जर्मन नाही. जर्मनीत 1956 पासून चालत आलेली 'टेलिफोनझेलझोर्गे' ही फोनवरून मानसिक आधार देणारी विनामूल्य सेवा चॅट आणि ईमेलवरही आहे. तिचे फोन क्रमांक भारतातून लागतीलच असे नाही आणि ईमेलचे उत्तर लगेच येत नाही, म्हणून आणीबाणीत तिच्यावर विसंबू नये.

खर्चाचे उत्तर त्यांच्या नोकरीच्या करारात आहे. जर्मनीच्या सार्वजनिक आरोग्यविम्याचे लाभ विमाधारक परदेशात असेपर्यंत स्थगित राहतात, हा तिथल्या सामाजिक कायद्याच्या पाचव्या ग्रंथातला, कलम 16 मधला नियम आहे. पण कंपनीने जर्मन करार कायम ठेवून पाठवले असेल, तर त्याच्याच पुढचे कलम 17 लागू होते : परदेशातल्या नोकरीच्या काळात आजारपणाचा खर्च आधी मालकाने द्यायचा आणि विमा संस्थेने तो मालकाला, जर्मनीत आला असता तेवढ्या मर्यादेपर्यंत, परत करायचा. पुण्यातल्या कित्येक लोकांना हे ठाऊकच नसते. मात्र यात परवानाधारकाचा उपचार बसू शकतो. कोचिंग बसत नाही. दोन्ही देशांत 1 मे 2017 पासून लागू असलेला सामाजिक सुरक्षा करार मुख्यतः निवृत्तिवेतनाचा आहे, त्यातून या खर्चाचे काही मिळणार नाही. भारतीय करार असेल तर कंपनीने काढलेला आंतरराष्ट्रीय खासगी विमा पाहावा. अशा विम्यात मानसोपचारासाठी आठ महिन्यांची प्रतीक्षा असू शकते, ते त्यांना दीड वर्ष झाल्याने बहुधा आड येणार नाही.

तरीही ते स्वतःच्या खिशातून पैसे देऊ म्हणाले, तर नवल मानू नये. जर्मनीत परतल्यावर काम करण्याच्या अक्षमतेचा विमा किंवा सरकारी सेवेतली कायम नेमणूक घेताना मानसोपचाराचा इतिहास विचारला जातो, आणि त्या धास्तीने अनेक जण विम्याच्या कागदांवर निदान येऊ देत नाहीत. परवानाधारकाच्या पन्नास मिनिटांच्या बैठकीला साधारण 100 युरो किंवा अधिक पडतात. कागदाच्या भीतीने आवश्यक उपचार टाळणे मला चुकीचे वाटते, पण ही भीती खरी आहे आणि तिची थट्टा होऊ नये.

पहिला ईमेल त्यांनी स्वतः लिहावा. आपण त्यांच्या वतीने लिहिलात तर समोरचा तज्ज्ञ विनम्रपणे हेच सांगेल. चार ओळी पुरेत : मी पुण्यात राहतो, हे होते आहे, इतक्या आठवड्यांपासून, आणि तुम्ही भारतातल्या व्यक्तीबरोबर काम करता का. वेळ ठरवताना लक्षात ठेवा, की उन्हाळ्यात आपण जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार तास. रात्री नऊची बैठक त्या दिवसापासून दहाला जाते. म्हणून त्यांना जमत असेल तर दुपारी एक-दोनची वेळ मागावी, तेव्हा तिथे सकाळ असते आणि जागा मिळते. वीज गेली तर मोबाइलवरून जोडता यावे. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ घर रिकामे नसे म्हणून सोसायटीच्या तळघरात, बंद गाडीत बसून बोलत, आणि तिथे आवाज सारखा तुटायचा. आपल्याकडे तसे होऊ नये. त्या तासापुरते मावशींना उशिरा बोलवा, बेल बंद ठेवा, आणि शक्य असेल तर आपणही बाहेर जाऊन या.