दुसरी हार्ड डिस्क लिनक्स सुरू होतानाच आपोआप माउंट कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची, म्हणजे माउंट करायची, याची यादी असलेली '/ईटीसी/एफएसटॅब' ही फाइल) '/डेव्ह/एसडीबी१' अशी ओळ टाकली, एकदा नीट चाललं, आणि दोन दिवसांनी मशीन दीड मिनिट अडकून थेट इमर्जन्सी मोडमध्ये (फक्त दुरुस्तीपुरत्या काळ्या स्क्रीनवर) गेलं. हे मीही भोगलंय, त्यामुळे आधी काय झालं ते सांगतो.

एसडीए, एसडीबी ही डिस्कची कायमची नावं नव्हेत. सुरू होताना कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) जी डिस्क आधी सापडली ती ए, नंतरची बी. एखादा पेन ड्राइव्ह लावलेला राहिला किंवा काढला, की अक्षरं सरकतात. तुमच्याकडेही बहुधा तेच झालं. त्या दिवशी 'एसडीबी१' नावाचं काही नव्हतंच, सिस्टिमडीने (सुरू होताना सगळी कामं लावून देणारा प्रोग्राम) त्याची वाट पाहिली (मुदत मुळात ९० सेकंदांची असते, तुमचं दीड मिनिट तेच) आणि मग हात वर केले. डिस्क बिघडलेली नाही, घाबरू नका.

आता दुरुस्ती. कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा. 'एलएसबीएलके -एफ' चालवलंत की प्रत्येक पार्टिशनसमोर (डिस्कच्या भागासमोर) त्याचा फाइल सिस्टिमचा प्रकार आणि यूयूआयडी, म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसेल. हा यूयूआयडी फॉरमॅट करताना पार्टिशनवरच लिहिला जातो, त्यामुळे केबल कुठेही लावा, तो तोच राहतो. तो कॉपी करा. हाताने टाइप करायच्या फंदात पडू नका. मग 'सुडो एमकेडीआयआर /एमएनटी/डेटा' करून रिकामं फोल्डर बनवा, एफएसटॅबची एक प्रत बाजूला काढून ठेवा, आणि जुनी ओळ काढून ही टाका:

यूयूआयडी=तुमचा-क्रमांक  /एमएनटी/डेटा  ईएक्सटी४  डिफॉल्ट्स,नोफेल  ०  २

'ईएक्सटी४' च्या जागी तुमच्या डिस्कचा फाइल सिस्टिमचा प्रकार येतो. यातलं सगळ्यात मोलाचं 'नोफेल'. डिस्क सापडली नाही तरी मशीन सुरू होऊ दे, एवढंच ते सांगतं. हे न टाकता मी एकदा डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली आणि ती ओळ तशीच विसरलो. पुढच्या वेळी काळा स्क्रीन, आणि रूटच्या (मुख्य ॲडमिन खात्याच्या) पासवर्डची मागणी, जो मी कधी ठेवलाच नव्हता. शेवटी लाइव्ह यूएसबीवरून (पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लिनक्सवरून) फाइल उघडून ओळीच्या आधी एक हॅश (#) टाकला, म्हणजे ती ओळ वाचलीच जाऊ नये, तेव्हा सुटलो. शेवटचे दोन आकडे: ० म्हणजे डंप (जुन्या पद्धतीचा बॅकअप) नको, २ म्हणजे मुख्य डिस्कनंतर ही डिस्क तपासायची. विंडोजची एनटीएफएस डिस्क असेल तर २ च्या जागीही ० लिहा.

फाइल सेव्ह केली की लगेच रीस्टार्ट करू नका! आधी 'सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' चालवा, टायपो असेल तर ते तिथेच बोंब मारेल. मग 'सुडो सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड' आणि 'सुडो माउंट -ए'. डिस्क आधीच फाइल मॅनेजरमधून उघडलेली असेल तर ती आधी अनमाउंट करा. चूक असेल तर ती आत्ता, मशीन चालू असताना कळेल.

माउंट झालं पण फाइल लिहिता येत नाही, ही पुढची तक्रार हमखास येते. ईएक्सटी४ असेल तर माउंट झाल्यावर एकदा 'सुडो सीएचओन' ने फोल्डर स्वतःच्या नावावर करा. एनटीएफएसवर त्याचा सहसा उपयोग होत नाही; तिथे पर्यायांतच 'यूआयडी=१०००,जीआयडी=१०००' लिहायचं (तुमचा आकडा 'आयडी' कमांड सांगेल). आणि एनटीएफएस डिस्क फक्त वाचण्यापुरतीच उघडत असेल, तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करून विंडोज एकदा नीट शटडाउन करा. फास्ट स्टार्टअपमध्ये विंडोज पूर्ण बंद होतच नाही, त्यामुळे लिनक्स त्या डिस्कवर लिहायला नकार देतं, आणि ते बरोबरच आहे.

नोफेलचा एक तोटा मात्र आहे. डिस्क आली नाही तरी '/एमएनटी/डेटा' हे फोल्डर असतंच, फक्त रिकामं. माझी बॅकअपची स्क्रिप्ट आठवडाभर त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मुख्य डिस्कवरच, इमानेइतबारे लिहीत होती. मुख्य डिस्क शंभर टक्के भरली तेव्हा मला पत्ता लागला. तेव्हापासून डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरवर 'सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/डेटा' करून ठेवतो. मग डिस्क नसताना तिथे रूटलासुद्धा काही लिहिता येत नाही, स्क्रिप्ट लगेच एरर देते, आणि डिस्क असली की माउंट नेहमीसारखंच होतं.