रविवर्मा प्रेसचं जुनं चित्र घेण्याआधी

चित्र अस्सल की नक्कल हे तपासायला ३६५ नॅनोमीटरचाच यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च घ्या. स्वस्त ३९५ वाल्याच्या जांभळ्या उजेडात कागदाची चमक नीट कळतच नाही. चित्र फ्रेममधून काढून, पूर्ण अंधारात मागची कोरी बाजू बघा. चित्राचाच कागद (नंतर चिकटवलेला अस्तराचा नव्हे) निळा-पांढरा लख्ख उजळला, तर सरळ सोडून द्या. प्रेस १८९४ ची. ही चमक ज्यांच्यामुळे येते, ती कागदाला शुभ्रपणा देणारी रसायनं मात्र १९५० च्या आसपास रुळली. एखादाच ठिपका चमकला तर मात्र घाई नको, तिथे डागडुजी झालेली असू शकते. आणि कागद अजिबात उजळला नाही, तरी लगेच पैसे मोजू नका! जुन्या कोऱ्या कागदावरही नक्कल छापता येते. भिंगातून छपाई बघा: ओलिओग्राफचे (जुन्या दगडी छपाईच्या रंगीत चित्राचे) ठिपके वेडेवाकडे, ऑफसेटचे (आजच्या यंत्रछपाईचे) रांगेत.