तुमचे प्रश्न : १०३ वर्षांचे बिशप, खरं की वाढवून सांगितलेलं?

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये केरळचं कुटुंब राहतं, त्यांच्या हॉलमध्ये पांढऱ्या दाढीच्या एका खूप म्हाताऱ्या बिशपचा फोटो आहे, मार क्रिसोस्टोम असं नाव. तिथल्या काकू म्हणाल्या ते १०३ वर्षं जगले आणि शेवटपर्यंत लोकांना हसवत होते. माझ्या सासूबाईंना पटत नाही, जुन्या माणसांचं वय असंच फुगवून सांगतात म्हणे. खरं काय? आणि एवढं जगायला ते खायचे तरी काय?
एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : सासूबाईंची शंका रास्त आहे हो, माझ्या आजीची जन्मतारीख आम्हाला कधीच कळली नाही, गोदेला मोठा पूर आला त्याच्या पुढच्या पावसाळ्यात झाले एवढंच ती सांगायची. पण फिलिपोस मार क्रिसोस्टोम यांचं तसं नाही. जन्म २७ एप्रिल १९१८, मृत्यू ५ मे २०२१, म्हणजे १०३ वर्षं आणि वर आठ दिवस. वडील स्वतः मार थोमा चर्चचे (हा केरळमधला एक ख्रिस्ती पंथ) पाद्री, आणि चर्चमध्ये बाप्तिस्म्याची वही असतेच. शिवाय पुढच्या तारखा पण नीट जुळतात, १९४४ मध्ये पाद्री झाले तेव्हा २६ वर्षांचे, १९५३ मध्ये बिशप झाले तेव्हा ३५ चे, १९९९ मध्ये चर्चचे प्रमुख म्हणजे मेट्रोपॉलिटन झाले तेव्हा ८१. आपल्याकडे त्या वयात माणसाला देवळापर्यंत सुद्धा एकटं सोडत नाहीत आणि यांना तेव्हा अख्खं चर्च सांभाळायला दिलं!

आपण नाशिककर रेव्हरंड म्हटलं की नारायण वामन टिळकच आठवतो ना, ते गेले मे १९१९ मध्ये, तेव्हा हे जेमतेम वर्षाचे होते. आणि टिळकांना सत्तावन्नच वर्षं मिळाली. हे मनात आलं की मला दर वेळी चुटपुट लागते.

नावाचं पण सांगते. ‘मार’ हा सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या भाषेतला मानाचा शब्द, तिकडच्या बिशपांच्या नावाला लागतो, आणि क्रिसोस्टोम हे ग्रीक, अर्थ सोन्याच्या तोंडाचा. चौथ्या शतकात जॉन क्रिसोस्टोम नावाचे मोठे प्रवचनकार होऊन गेले, त्यांच्यावरून. यांना ते नाव शोभलं, कारण पंपा नदीच्या वाळवंटात मारामोनला दर फेब्रुवारीत मोठा मेळावा भरतो, १८९५ पासूनचा, तिथे हे बोलायला उभे राहिले की मांडवभर हशा पिकायचा. पंपा म्हणजे तीच, शबरीमलाला जाणारे भक्त जिच्यात आंघोळ करतात ती. आपल्याला नदीकाठची गर्दी काय असते ते सिंहस्थामुळे माहीत आहे त्यामुळे तुम्ही कल्पना करू शकाल.

आता खाण्याचं. खरं सांगू का, त्या प्रश्नात माझा जीव रमत नाही. मला त्यांचं तरुणपण जास्त महत्त्वाचं वाटतं, कॉलेज झाल्यावर कारवारच्या खाली अंकोल्याला मिशनचं काम केलं, आणि पुढे तमिळनाडूतल्या जोलारपेट स्टेशनवर हमालांबरोबर राहता यावं म्हणून स्वतः हमाली केली, म्हणजे पाद्री माणूस डोक्यावर लोकांच्या ट्रंका वाहतोय. ज्याने हे केलंय त्याला पुढे मोठ्या खुर्चीवर बसल्यावर पण समोरच्या साध्या माणसाशी काय बोलावं हा प्रश्न पडत नसणार, असं मला वाटतं. मार थोमा चर्चमध्ये पाद्री लग्न करू शकतात पण बिशप अविवाहितच असावा लागतो, म्हणजे यांना बायकोमुलं नाहीत, तरी एकटे पडले नाहीत. २००७ मध्ये निवृत्त झाले, वय ८९, आणि त्यानंतरही लोक येतच राहिले, सगळ्या धर्मांचे. नव्वदीच्या निमित्ताने हार-तुरे नुसते न घेता बेघरांसाठी घरं बांधायचं काम काढलं. २०१८ मध्ये, शंभराव्या वर्षी, पद्मभूषण मिळालं. त्यांच्यानंतर प्रमुख झालेले जोसेफ मार थोमा त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान होते, तेही २०२० मध्ये यांच्या आधी गेले, एवढं जगण्यात हे दुःख पण येतंच.

सासूबाईंना हेही सांगा की तुमकूरच्या सिद्धगंगा मठाचे शिवकुमार स्वामी १९०७ ते २०१९ असे १११ वर्षं जगले, आणि त्यांच्या मठात हजारो गरीब मुलांना जेवण आणि शाळा फुकट मिळते. तेव्हा १०३ वर ‘अशक्य’ म्हणायचं कारण नाही.

आणि काकूंना एक विचारा, मारामोनला त्यांनी बिशपना प्रत्यक्ष ऐकलंय का. ऐकलं असेल तर एखादा किस्सा आधी मल्याळममध्ये सांगायला लावा, मग मराठीत, आणि तो मला नक्की लिहून पाठवा.